मणी घालून क्रोशाचे विणकाम : तांब्यावरील झाकणापासून सुरुवात

सोयाबीनची काढणी-मळणी आटोपली आणि हरभऱ्याची पेरणी उरकली की औसा भागातील शेतकरी भगिनींना दुपारचे तास-दोन तास सापडतात. क्रोशाचे साधे विणकाम अनेकींना येते. त्याच्या काठाला काचेचे मणी घातले तर दूध, ताक व पिण्याच्या पाण्यावर टाकावयाची झाकणे घरीच तयार होतात. मण्यांच्या वजनामुळे झाकण वाऱ्याने उडत नाही व माश्यांना आत शिरता येत नाही.

तांड्यावरील लमाण भगिनी कापडावर मणी, कवड्या, आरसे टाचतात हे आपण पाहतोच. तेथे कापड आधी, मणी नंतर. क्रोशात नेमके उलट आहे. सर्व मणी विणण्यापूर्वीच दोऱ्यात ओवून घ्यावे लागतात. शेवटी एक मणी कमी पडला तर दोरा तोडून जोड द्यावा लागतो आणि ती गाठ दिसत राहते. नव्याने शिकणाऱ्या भगिनी कंटाळतात त्या येथेच, विणण्याला नव्हे. म्हणून सुई हातात घेण्याआधी मणी मोजावेत.

१० नंबरचा पांढरा सुती दोरा व सुमारे दीड मिलिमीटरची पोलादी क्रोशाची सुई घ्यावी. मणी ८ मिलिमीटरचे, काचेचे असावेत. असे २४ मणी १५ ग्रॅमच्या आसपास भरतात. ४ मिलिमीटरचे तेवढेच मणी जेमतेम दोन ग्रॅम होतात, त्यांनी झाकण दबत नाही. प्लास्टिकचे मणी तर या कामी निरुपयोगीच. दोऱ्याचा तुकडा सोबत नेऊन तो भोकातून सहज जातो का, हे दुकानातच पाहावे. घरी आल्यावर चार मणी पांढऱ्या चिंधीत बांधून साबणाच्या कोमट पाण्यात रात्रभर ठेवावेत. चिंधीला रंग लागला तर ते मणी खाण्यापिण्याच्या भांड्यावर वापरू नयेत.

प्रथम बिनमण्यांची चकती विणावी. चार साखळ्यांचे कडे करून त्यात १२ खांब घालावेत. पहिल्या खांबाऐवजी तीन साखळ्या घ्याव्यात. दुसऱ्या फेरीत प्रत्येक खांबावर दोन, म्हणजे २४ खांब होतील. पुढे प्रत्येक फेरीत १२ खांब वाढवावेत : तिसरीत दर दुसऱ्या खांबावर दोन, चौथीत दर तिसऱ्यावर दोन, याप्रमाणे. आठव्या फेरीअखेर ९६ खांब भरतात व चकती साधारण १० सेंटिमीटर रुंद होते. चकतीची वाटी होऊ लागली तर वाढ चुकली असे समजावे व तेवढी फेरी उसवावी. सोयाबीन काढून हात खरखरीत झालेले असतात व दोरा अडकतो. खोबरेल तेल चोळून हात कोरडे पुसले की हा त्रास कमी होतो.

आता दोरा तोडून काठासाठी नवा घ्यावा. त्याच दोऱ्यात मणी ओवून सुरुवात केली असती तर आठही फेऱ्या ते मागे ढकलत बसावे लागले असते. दर चार खांबांना एक कमान, म्हणजे ९६ खांबांना २४ कमानी व २४ मणी. दोन जादा धरून २६ ओवावेत. दोऱ्याचे टोक डिंकात बुडवून वाळवले व तिरपे कापले की सुईची गरज पडत नाही. एक मुका खांब, तीन साखळ्या, मग मणी सुईपर्यंत सरकवून त्याच्यामागे एक घट्ट साखळी, पुन्हा तीन साखळ्या, तीन खांब सोडून चौथ्यावर मुका खांब. ही झाली एक कमान. मणी दोन रंगांचे असतील तर शेवटी ओवलेला मणी सर्वांत आधी विणला जातो, हे ओवतानाच ध्यानात ठेवावे. विणताना मणी तडकलेला आढळल्यास तो कापडात धरून पकडीने फोडावा, दोरा तोडू नये. जादा मणी त्यासाठीच आहेत.

चकतीच्या मध्यभागी मणी घालण्याची घाई करू नये. मुक्या खांबात घातलेला मणी आपल्याकडे न येता पलीकडच्या बाजूस बसतो. तसे काम करताना पलीकडची बाजू सुलट धरावी लागते, आणि हे अंगवळणी पडायला वेळ लागतो.

विक्रीचा विचार असेल तर एक उदाहरण माहीत असावे. आंध्र प्रदेशात पश्चिम गोदावरी जिल्ह्यातील नरसापूर क्रोशाच्या लेससाठी प्रसिद्ध आहे. मारिया मीस या जर्मन अभ्यासक बाईंनी तेथील विणणाऱ्या स्त्रियांवर १९८२ साली पुस्तक प्रसिद्ध केले. माल परदेशी जात होता, व्यापारी श्रीमंत होत होते; पण बायका मात्र घरी बसून फावल्या वेळात विणतात असे धरून त्यांच्या श्रमाला फारच थोडा मोबदला मिळे, असे त्यांना आढळले. तेव्हा पहिले झाकण विणताना घड्याळ लावून बसावे. दोरा व मणी यांच्या खर्चाशेजारी लागलेले तास वहीत मांडावेत आणि आपल्या गावात खुरपणीला जी मजुरी मिळते तिच्याशी ते ताडून पाहावेत. मेळ बसत नसेल तर झाकणे घरापुरती व लेकी-सुनांना देण्यापुरती विणावीत. दुकानदाराची मागणी अंगावर घेऊ नये.