बेलिफाशी भांडू नका, त्याला लिहायला लावा

दारात जप्ती आली की घरची माणसं एकतर बेलिफाच्या पाया पडतात, नाहीतर त्याच्या अंगावर धावून जातात. दोन्हींनी काही साधत नाही. बेलिफाला ना कर्ज माफ करता येतं, ना निवाडा देता येतो. त्याच्याकडे कोर्टाचं वॉरंट असतं आणि त्यात लिहिलेली रक्कम वसूल होईल एवढा माल जप्त करायचा हुकूम असतो. अंगावर गेलात तर सरकारी कामात अडथळा आणल्याचा गुन्हा तेवढा पदरात पडतो.

आमच्याकडची जप्ती भाऊजींची, म्हणजे माझ्या धाकट्या दिरांची. त्यांचं पशुखाद्याचं दुकान होतं. उधारी थकली, व्यापारी दिवाणी कोर्टात गेला, भाऊजी एकाही तारखेला हजर राहिले नाहीत आणि हुकूमनामा एकतर्फी झाला. व्यापाऱ्याने हुकूमनाम्याच्या बजावणीसाठी दरखास्त लावली. आमच्या चुली वेगळ्या, पण घर एकच. त्यामुळे बेलिफ आला तो सगळ्यांच्याच दारात, बरोबर दोन पंच आणि माल दाखवायला व्यापाऱ्याचा माणूस.

आत्या दार लावून घ्यायला निघाल्या. मी त्यांना थांबवलं. ऋणको ज्या घरात राहतो तिथे तो आत येऊ देत नसेल, तर बाहेरचं दार तोडायचीही मुभा दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६२ मध्ये आहे. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी मात्र बेलिफाने राहत्या घरात शिरायचं नाही, हेही त्याच कलमात आहे. आमचा बेलिफ दिवसाउजेडी आला होता. मी वॉरंट बघायला मागितलं. त्याने कटकट न करता हातात दिलं. दरखास्तीचा नंबर, ऋणकोचं नाव, रक्कम, कोर्टाचा शिक्का आणि कोणत्या तारखेपर्यंत बजावणी करायची, एवढं बघून घ्यावं. कुणी नुसतंच ‘जप्तीला आलोय’ म्हणत असेल आणि कागद दाखवत नसेल, तर तो बेलिफ नव्हे. फायनान्सवाल्यांची वसुलीची माणसं असा दम देतात. त्यांना तुमच्या घरातली वस्तू उचलायचा काडीचा अधिकार नाही.

व्यापाऱ्याच्या माणसाने आधी भाऊजींच्या टीव्हीवर बोट ठेवलं. तो गेला, त्यावर बोलण्यासारखं काही नव्हतं. मग त्याने जाऊबाईंची भांडी दाखवली. बेलिफ स्वतःच नाही म्हणाला. कलम ६० प्रमाणे ऋणको, त्याची बायको आणि मुलं यांचे गरजेचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण जप्त होत नाही. धर्माच्या रिवाजाप्रमाणे बाईने अंगावरून उतरवू नये असा दागिना, म्हणजे आपल्याकडे मंगळसूत्र, तेही नाही. कारागिराची हत्यारं सुटतात. शेतकऱ्याची अवजारं, आणि पोटापाण्यासाठी लागतील असं कोर्टाला वाटेल तेवढी जनावरं आणि बियाणं सुटतं. भविष्य निर्वाह निधीला हात लावता येत नाही. पगारातले पहिले एक हजार रुपये आणि उरलेल्यातले दोन तृतीयांश सुटतात. आता हजार रुपयांत महिन्याचा किराणाही येत नाही, पण कायद्यातला आकडा तोच आहे.

मग त्या माणसाचं लक्ष माझ्या पिकोफॉलच्या मशीनकडे गेलं. घरात गलका झाला. ‘कारागिराची हत्यारं आहेत, सोडा,’ असं शेजारचे नाना ओरडू लागले. त्यांची कळकळ खरी, पण मुद्दा चुकीचा होता. कलम ६० ची सवलत ऋणकोच्या मालाला असते. भाऊजी काही शिवणकाम करत नव्हते. माझं म्हणणं वेगळं होतं: ही वस्तू ऋणकोची नाहीच, माझी आहे. या दोन तक्रारींची गल्लत कितीतरी घरांत होते आणि अर्ज भलत्याच पायावर उभा राहतो.

मी बिल काढून दाखवलं. बेलिफ म्हणाला, ‘ताई, मशीन कुणाचं हे ठरवायचा अधिकार मला नाही.’ मी म्हटलं, ‘नसू दे साहेब, पण मी हरकत घेतली, बिल माझ्या नावावर आहे, बिलाचा नंबर आणि तारीख अमुक, हे पंचनाम्यात लिहा.’ त्याने लिहिलं. मशीनची कंपनी, नंबर, मोटर चालू आहे, खोक्याला ओरखडा नाही, हेही मी लिहून घेतलं. कोऱ्या किंवा अर्धवट पंचनाम्यावर सही करू नये. मशीन टेम्पोत चढलं. बघवत नव्हतं, पण माझ्या हातात कागद होता.

दुसऱ्याच दिवशी मी तालुका विधी सेवा समितीकडे गेले. बाईला तिथे फुकट वकील मिळतो, तिची मिळकत कितीही असो. १९८७ च्या कायद्यातली ही तरतूद बायकांनाच ठाऊक नसते, याचा मला अजून राग येतो. वकीलबाईंनी आदेश २१, नियम ५८ खाली हरकतीचा अर्ज लावला आणि लिलाव थांबवायची विनंती केली. इथे वेळेला फार महत्त्व आहे. वस्तू लिलावात विकली गेली, की कोर्ट हा अर्ज ऐकूनच घेत नाही. मुद्दाम उशीर केला असं दिसलं तरीही नाही. जंगम मालाच्या लिलावाचा जाहीरनामा कोर्टात लागल्यापासून सात दिवसांनी लिलाव होऊ शकतो, म्हणजे ‘बघू पुढच्या आठवड्यात’ म्हणणाऱ्याचं मशीन गेलंच.

बिल, बँकेतून पैसे गेल्याची नोंद आणि गिऱ्हाइकांच्या मापांची वही एवढ्यावर मशीन माझं ठरलं. पंचनाम्यात लिहिलेली हरकत तिथे कामाला आली. व्यापाऱ्याच्या वकिलाला ‘हे नंतर सुचलेलं’ असं म्हणता आलं नाही. निकाल उलट गेला असता तरी त्यावर अपील होतं, कारण या अर्जावरचा हुकूम हुकूमनाम्यासारखाच धरतात. कोर्टाच्या नाझरकडून मशीन परत घेताना पंचनामा समोर ठेवून एकेक गोष्ट ताडून पाहिली आणि मगच पावतीवर सही केली. मशीनबरोबर जप्त झालेल्या आमच्या फ्रिजचं मात्र जमलं नाही. तो आमच्या ह्यांनी रोखीने घेतला होता आणि बिल कुणी जपलं नव्हतं.

आता भाऊजींसारख्यांसाठी. हुकूमनामा झाल्यावर त्यांनी व्यापाऱ्याला घरी जाऊन रोख पैसे दिले होते. पावती नाही. व्यापाऱ्याने कोर्टात कानावर हात ठेवले आणि ती रक्कम हिशोबात धरलीच गेली नाही. पैसे थेट कोर्टात भरावेत. बाहेर द्यायचे तर बँकेतून द्यावेत आणि तीस दिवसांत कोर्टात अर्ज देऊन वसुलीची नोंद करून घ्यावी. समन्सच बजावलं गेलं नसेल तर एकतर्फी हुकूमनामा रद्द करून मागता येतो. त्याचीही मुदत तीसच दिवस, हुकूमनामा कळल्या दिवसापासून. लिलाव सुरू झाल्यावरसुद्धा, शेवटची बोली मान्य होण्याआधी सगळी रक्कम खर्चासह भरली तर लिलाव थांबतो. भाऊजींनी उरलेले पैसे शेवटी कोर्टातच भरले. टीव्ही तोवर विकला गेला होता.