तेल कोणते, यापेक्षा तेल किती?

किराणा दुकानात तेल घेताना हमखास प्रश्न येतो, ‘हृदयाला चांगले कोणते?’ कुणाचा विश्वास करडईवर, कुणाचा शेंगदाण्यावर. कुणाला पातळ दिसणारे रिफाईंड हलके वाटते, तर कुणी जादा पैसे मोजून लाकडी घाण्याचे तेल नेतो. मात्र तेल कोणतेही असो, त्याच्या १ ग्रॅमपासून सुमारे ९ कॅलरीज मिळतातच.

पिशवीवर ‘कोलेस्टेरॉल नाही’ असे ठळक छापलेले असते. ते खोटे नाही. पण कोलेस्टेरॉल प्राणिज पदार्थांत असते, वनस्पतिजन्य तेलात ते नसल्यातच जमा. पामतेलातही ते नसते. तरीही पामतेलातील जवळजवळ निम्मे स्निग्धांश संपृक्त असतात आणि ते रक्तातील कोलेस्टेरॉल वाढवतात. ज्वारीसोबत आपल्याकडे पेरल्या जाणाऱ्या करडईच्या तेलात असंपृक्त स्निग्धाम्ले भरपूर असतात. शेंगदाणा तेलही चांगले. दोन्ही आलटून पालटून वापरावीत.

मात्र ‘चांगले तेल’ म्हणून हात सैल सोडला, तर फायदा उरत नाही. बैठे काम करणाऱ्या पुरुषाला दिवसाला २५ ग्रॅम आणि स्त्रीला २० ग्रॅम तेल-तूप पुरे, अशी राष्ट्रीय पातळीवरील आहारविषयक शिफारस आहे. म्हणजे दोन पुरुष व दोन स्त्रिया असलेल्या घराला महिन्याला २ किलो ७०० ग्रॅम, सुमारे ३ लिटर. १५ किलोचा डबा अशा घरात साडेपाच महिने चालायला हवा. आपल्या घरी किती दिवस चालतो, हे प्रत्येकाने पाहावे. शिवाय बाहेरची भजी, वडापाव, शेव-फरसाण या हिशोबात धरलेलेच नाही!

काय करावे?

१) कढईत बुधलीतून तेल ओतू नये, चमच्याने मोजून घालावे.

२) महिन्याचे तेल एकदाच आणून त्यातच भागवावे.

३) तळणीचे तेल पुन्हा पुन्हा तापवू नये. त्यात घातक घटक तयार होतात.

४) रश्शावर तर्री हवीच, हा हट्ट सोडावा.

५) वनस्पती तूप टाळावे. त्यातील ट्रान्स फॅटवर जानेवारी २०२२ पासून २ टक्क्यांची मर्यादा असली, तरी संपृक्त स्निग्धांश त्यात भरपूर असतात.

तेल पूर्ण बंद करण्याचे कारण नाही. शरीराला थोड्या स्निग्धांशाची गरज असतेच. मधुमेह वा हृदयविकार असणाऱ्यांनी आपले प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावे.