वर्षाचा परवाना
अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात ॲनाहाइम येथे १९५५ साली वॉल्ट डिस्ने यांनी डिस्नेलँड हे क्रीडोद्यान उघडले. आरंभीच्या काळात तेथे निरनिराळ्या खेळांसाठी निरनिराळी कुपने द्यावी लागत. १९८२ साली ती पद्धत बंद झाली व एकाच तिकिटात सर्व खेळ मिळू लागले. आता वर्षभराचाही परवाना मिळतो. तो घ्यावा काय? त्याच्या किमतीस एका दिवसाच्या तिकिटाने भागावे. येणाऱ्या संख्येहून अधिक वेळा जाणे घडले, तरच तो परवडतो. परंतु स्वस्त परवान्यास नाताळासारख्या सुट्ट्यांचे पुष्कळ दिवस वर्ज्य असतात, आणि शाळकरी मुलांना सवड असते ती नेमकी तेव्हाच! म्हणून जाणता गृहस्थ भागाकार मांडण्यापूर्वी दिनदर्शिका उघडून आपल्या मुलांच्या वाट्यास खरोखर किती दिवस उरतात, ते मोजतो.