रिंग रोड : नागपूरचा अनुभव आणि भंडाऱ्याचा प्रश्न

रस्ता हा अभ्यासाचा विषय होऊ शकतो, असे मला पूर्वी कधी वाटले नव्हते. माझ्या वडिलांचे चहा-नाश्त्याचे छोटेसे हॉटेल भंडारा शहरातून जाणाऱ्या महामार्गाच्या कडेला आहे. हा जुना राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६. २०१० साली महामार्गांचे क्रमांक बदलले आणि तो ५३ झाला. सुरतजवळच्या हजिऱ्याहून निघालेली अवजड वाहने याच रस्त्याने आमच्या जिल्हा परिषद चौकातून, कारध्याच्या पुलावरून रायपूरकडे जात. त्या ट्रकवाल्यांच्या चहावर आमचे घर चालले आणि माझे शिक्षण झाले. पण मी आठवीत असताना याच रस्त्यावर माझा एक वर्गमित्र ट्रकखाली सापडला. त्याचा बाक वर्षभर रिकामा होता. म्हणून शहराबाहेरून नवा रस्ता होणार असे ठरले, तेव्हा आनंद मानावा की काळजी करावी, हे आमच्या घरात कोणालाच कळेना. बाबा एवढेच म्हणाले, "रस्ता बाहेरून गेला त लेकरं वाचतीन, पण आपलं दूध उरून जाईन."

२०२५ मध्ये हा सुमारे १५ किलोमीटरचा सहापदरी वळणरस्ता वाहतुकीला खुला झाला. अशा रस्त्याने शहराचे पुढे काय होते, या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी मी नागपूरच्या रिंग रोडचा अभ्यास केला. त्यातून जे हाती आले, ते येथे मांडत आहे.

वर्तुळाचे गणित

प्रथम एक भेद लक्षात घेतला पाहिजे. वळणरस्ता हा कमानीसारखा असतो. तो एकाच महामार्गाला शहराबाहेरून वळसा घालून पुन्हा त्याच मार्गाला मिळतो. रिंग रोड हे पूर्ण वर्तुळ असते. शहरातून चाकाच्या आऱ्यांप्रमाणे बाहेर पडणारे सर्व रस्ते ते एकमेकांना जोडते.

वर्तुळाची त्रिज्या ५ किलोमीटर आहे असे समजू. एका टोकाहून समोरच्या टोकाला शहराच्या मध्यातून जाण्यास १० किलोमीटर पडतील, तर अर्धे वर्तुळ फिरून जाण्यास सुमारे १५.७ किलोमीटर. म्हणजे समोरासमोरच्या प्रवासात रिंग रोड अंतर वाचवीत नाही. तो वाचवतो वेळ, आणि तोही रस्ता मोकळा असेल तरच. उलट शेजारच्या दोन रस्त्यांमध्ये ६० अंशांचा कोन असेल, तर वर्तुळावरून केवळ ५.२ किलोमीटर पडतात. सारांश, शेजारच्या दिशांना रिंग रोड जवळचा आणि समोरच्या दिशेला लांबचा. भंडाऱ्याहून उमरेडकडे जाणाऱ्याला तो सोयीचा आहे. अमरावतीला जाणाऱ्या ट्रकला मात्र जवळजवळ अर्धी प्रदक्षिणाच घालावी लागते.

ही कल्पना जुनी आहे. व्हिएन्ना शहराची तटबंदी पाडण्याचा हुकूम १८५७ साली निघाला आणि तिच्या जागी झालेला प्रशस्त वर्तुळमार्ग १८६५ साली खुला झाला. लंडनभोवतीचा १८८ किलोमीटरचा एम-२५ हा मार्ग १९८६ साली पूर्ण झाला. तो थोड्याच वर्षांत गाड्यांनी भरून गेला आणि पुढे ठिकठिकाणी रुंद करावा लागला. रस्ता मोकळा दिसला की त्याच्याकडे नवी वाहतूक धावते, हा अनुभव सर्वत्र सारखाच आहे.

नागपूरचे वर्तुळ

नागपूर हे देशाच्या मध्यावरचे शहर. उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम जाणारे दोन मोठे महामार्ग येथे भेटतात, त्यामुळे रिंग रोडची गरज येथे आपोआपच निर्माण झाली. एका रविवारी मी आणि माझे दोन मित्र या वर्तुळावर फिरलो. भंडारा मार्गावरून आपण प्रथम पारडीला पोहोचतो. तेथून डावीकडे वळले की दिघोरी येते व उमरेड मार्ग मिळतो. पुढे मानेवाडा, आणि छत्रपती चौकात वर्धा मार्ग. नंतर खामला, प्रतापनगर करीत हिंगणा टी-पॉइंट, वाडीच्या बाजूला अमरावती मार्ग, मग काटोल मार्ग. मानकापूरला छिंदवाड्याचा आणि ऑटोमोटिव्ह चौकात कामठीचा रस्ता भेटतो. शेवटी कळमन्याचा मोठा बाजार ओलांडून आपण पुन्हा पारडीला येतो.

हा रस्ता शहराच्या कडेने जावा, ही मूळ कल्पना. आम्हांला मात्र कडा कोठेच दिसली नाही. दोन्ही बाजूंना घरे, दवाखाने, मंगल कार्यालये, दुकाने. शहर वर्तुळ ओलांडून केव्हाच पलीकडे गेले आहे. २०११ च्या जनगणनेत नागपूरची लोकसंख्या २४ लाखांवर होती. ज्या रस्त्याने गर्दी टाळायची, त्यावरच गल्लीगल्लीची तोंडे उघडली आणि त्याची बाजारपेठ झाली. छत्रपती चौकाचे उदाहरण बोलके आहे. तेथला उड्डाणपूल २०१६ साली मेट्रोसाठी पाडावा लागला. आता वर्धा मार्गावर खाली रस्ता, त्यावर उड्डाणपूल आणि त्याहीवर मेट्रो अशी तीन मजली व्यवस्था आहे. बाहेरचा रस्ता शहराच्या आत आला, की तो असा महाग पडतो.

म्हणून पहिल्या वर्तुळाबाहेर दुसरे आले. जामठा, फेटरी, धारगाव असा सुमारे ६० किलोमीटरचा चौपदरी बाह्य वळणमार्ग बांधण्यात आला. तोही अपुरा वाटून सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने सुमारे १४८ किलोमीटरच्या आणखी एका बाह्य वर्तुळाला मंजुरी दिली. शहर पुढे आणि वर्तुळ मागे, अशी ही शर्यत आहे.

भंडाऱ्याने काय शिकावे?

भंडारा नागपूर नव्हे. २०११ मध्ये आपल्या शहराची लोकसंख्या सुमारे ९२ हजार होती. पण नागपूरही एके काळी लहानच होते. मला तीन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. पहिली, वळणरस्त्यावर प्रत्येक नव्या ले-आउटला थेट तोंड देऊ नये. स्थानिक वाहनांसाठी वेगळा सेवारस्ता असावा आणि तो थोड्याच ठिकाणी मुख्य रस्त्याला मिळावा. दुसरी, वैनगंगेची आठवण ठेवावी. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस शहरात शिरलेले पाणी आपण विसरलेलो नाही. उंच भरावाचा रस्ता पूरक्षेत्रात बांधासारखा उभा राहतो. त्याखालच्या मोऱ्या मोकळ्या राहतात की नाही, हे दर पावसाळ्यापूर्वी पाहिले पाहिजे. तिसरी गोष्ट जुन्या रस्त्याची. जड वाहने गेल्यावर तो आता शहराचा झाला आहे. तेथे पदपथ, झाडे आणि मुलांना रस्ता ओलांडण्याची सुरक्षित सोय हवी. ज्यांचा धंदा ट्रकवाल्यांवर होता, त्यांना नव्या रस्त्याच्या थांब्यांवर रीतसर जागा मिळावी, म्हणजे ते तेथे वाटेल तशा टपऱ्या टाकणार नाहीत.

आमच्या हॉटेलात आता दूध पूर्वीपेक्षा कमी लागते. बाबांनी शाळकरी मुलांसाठी पोहे आणि आलुबोंडा सुरू केला आहे. मुले रस्त्याच्या पलीकडून येतात आणि बाबा ती पलीकडे पोहोचेपर्यंत पाहत उभे राहतात. पूर्वी त्यांना तेवढी सवड नसे.

शेवटी एक सूचना. आपल्या महाविद्यालयाच्या भूगोल विभागाने दर वर्षी या वळणरस्त्याच्या दोन्ही बाजूंचा नकाशा काढावा. कोठे शेत होते, कोठे घर झाले, कोणती मोरी बुजली, हे त्यात नोंदवावे आणि तो याच वार्षिकांकात छापावा. वर्तुळ आत गिळले जात आहे, हे नागपूरकरांना उशिरा कळले. आपल्याला ते वेळेवर कळू शकते. पहिल्या वर्षीच्या नकाशाचे काम करण्यास मी तयार आहे.