हालिकाची पत्नी आणि मतदारयादी

ब्रिटनमध्ये स्त्रियांच्या मताधिकाराचा इतिहास सांगणारे प्रदर्शन मांडले की त्यात एक छायाचित्र बहुधा असतेच. ते १९१३ सालचे आहे. हॅम्प्टन कोर्ट राजवाड्याबाहेर लांब कोट घातलेली एक स्त्री ‘द सफ्रजेट’ हे वर्तमानपत्र विकत उभी आहे. तिचे नाव सोफिया दुलीपसिंग. पंजाबचे पदच्युत महाराजा दुलीपसिंग यांची ही कन्या. महाराणी व्हिक्टोरिया तिची धर्ममाता होती आणि राजवाड्याजवळचे घरही राणीनेच तिला राहावयास दिले होते. त्याच राजवाड्याच्या दारात ती सरकारविरोधी वर्तमानपत्र विकत होती. १८ नोव्हेंबर १९१० रोजी ब्रिटिश संसदेवर गेलेल्या स्त्रियांच्या मोर्चात ती होती. मत नाही तर करही नाही, असे म्हणून तिने कर नाकारला, तेव्हा तिचे दागिने जप्त झाले. २०२३ मध्ये तिच्या घरावर स्मृतिफलक लागला.

यंदा आमच्या शाळेच्या इतिहासकक्षात या छायाचित्राची प्रत लावून आम्ही एक छोटेसे प्रदर्शन मांडले. त्यात मुलींनी पुठ्ठ्याचा एक बिल्लाही करून ठेवला होता: हिरवा, पांढरा, जांभळा. या बिल्ल्याचा मुंबईशी संबंध आहे. १९११ साली मुंबईच्या हेराबाई टाटा आपली कन्या मिठन हिच्यासह काश्मीरला गेल्या होत्या. तेथे सोफियाच्या पोशाखावर ‘स्त्रियांना मत’ अशा अक्षरांचा बिल्ला त्यांना दिसला. त्यांनी सहज चौकशी केली आणि त्या चौकशीतून हेराबाई या चळवळीत आल्या. १९१९ मध्ये मायलेकी लंडनला गेल्या आणि भारतीय स्त्रियांना मताधिकार मिळावा यासाठी त्यांनी संसदेच्या समितीपुढे बाजू मांडली. मिठनबाई पुढे बॅरिस्टर झाल्या.

त्यांना लंडनला जावे लागले, कारण साउथबरो समितीने स्त्रियांना मत देऊ नये अशी शिफारस केली होती. याच समितीपुढे २७ जानेवारी १९१९ रोजी मुंबईत एका तरुण प्राध्यापकाची साक्ष झाली होती. ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. मालमत्तेची अट चढी ठेवली तर अस्पृश्य समाज मतदारयादीबाहेरच राहील, हा त्यांच्या मांडणीतील एक मुख्य मुद्दा होता. पाठ्यपुस्तकांत स्त्री-मताधिकार एका प्रकरणात येतो आणि अस्पृश्यांचा मताधिकार दुसऱ्या. आमच्या मते हे दोन धडे एकत्र शिकवले पाहिजेत, आणि त्याचे कारण १९२१ मध्ये सापडते. त्या वर्षी मुंबई विधिमंडळाने स्त्रियांना मताधिकार दिला. परंतु अट पुरुषांचीच राहिली: मालमत्ता हवी, कर भरलेला हवा. ज्या स्त्रीच्या नावावर काहीच नव्हते, तिच्या आयुष्यात त्या ठरावाने काडीचाही फरक पडला नाही.

अशी स्त्री कोण, हे सांगण्यासाठी आम्ही मुलांना वर्गाबाहेर नेले. भाजे लेण्यांच्या पायऱ्या चढताना आपले लक्ष चैत्यगृहाच्या भव्य कमानीकडे असते. तेथील ब्राह्मी लेखांकडे फार थोडे पाहतात. त्यांतील एक लेख अगदी लहान आहे: हालिकाची पत्नी बाधा हिचे दान. हालिक म्हणजे नांगरट करणारा शेतकरी. ‘बाधा’ या शब्दाचा आजचा अर्थ ऐकून मुले हसली. हसू द्यावे, नाव लक्षात राहते. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी नांगरणाऱ्याच्या बायकोने संघाला दान दिले आणि ते तिच्या स्वतःच्या नावाने खडकात नोंदले गेले. नवऱ्याचा उल्लेख आहे तो केवळ व्यवसायाने. त्याचे नाव त्यात नाही.

ही बाधा १९२१ च्या मुंबई इलाख्यात असती तर तिला मत नव्हते. १९३५ च्या कायद्याने अटी सैल केल्या. साक्षर स्त्रियांना आणि ठरावीक मालमत्ता असलेल्या मतदारांच्या पत्नींना मत मिळाले. पत्नी म्हणून मत देण्याच्या या कल्पनेला महिला संघटनांनीच विरोध केला होता. नांगरणाऱ्याच्या पत्नीला त्यातूनही काय मिळणार? बाबासाहेबांनी मात्र १९२८ मध्येच बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने सायमन कमिशनपुढे प्रौढ मताधिकाराची मागणी ठेवली होती. ती संविधानाच्या ३२६ व्या अनुच्छेदात उतरली. एकवीस वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येक नागरिकास तेव्हा मत मिळाले. जमीन, कर, शिक्षण, लग्न यांपैकी काहीही विचारायचे नाही.

तरीही एक गोष्ट विचारावीच लागली, ती म्हणजे नाव. पहिल्या निवडणुकीच्या याद्या करताना अनेक स्त्रियांनी परक्या माणसाला आपले नाव सांगितले नाही. ‘अमक्याची आई’, ‘तमक्याची बायको’ अशा नोंदी झाल्या. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी त्या मान्य केल्या नाहीत. दुरुस्तीला मुदत देऊनही सुमारे २८ लाख स्त्रिया यादीतून वगळल्या गेल्या. त्यांपैकी बहुतेक उत्तरेकडील राज्यांतल्या होत्या. हा निर्णय कठोर होता. ज्यांना कधी कोणी नाव विचारलेच नव्हते, त्यांनाच त्याची शिक्षा झाली. आम्ही बरीच वर्षे सेन यांना दोष देत होतो. आता तसे वाटत नाही. ‘तमक्याची बायको’ ही नोंद चालवून घेतली असती, तर ती किती निवडणुका तशीच राहिली असती कोण जाणे.

सहलीनंतर मुलांना गृहपाठ दिला: आपल्या आजीचे नाव मतदारयादीत जसे आहे तसे लिहून आणा. नववीच्या वर्गात सात जणांना आजीचे नावच ठाऊक नव्हते. सुट्टीत घरी जाऊन त्यांनी ते विचारून आणले. ते सर्व कागद आता सोफियाच्या छायाचित्राखाली लावले आहेत. त्यांच्या शेजारी मुलांनी वहीत उतरवलेली बाधेच्या लेखाची ब्राह्मी अक्षरे आहेत.

या स्मरणिकेसाठी देणगीदारांची यादी करताना काही पावत्यांवर ‘अमुक यांच्या मातोश्री’ एवढेच लिहिलेले आढळले. समितीने त्या घरी दूरध्वनी करून नावे विचारून घेतली. एका आजींनी दोनदा विचारले, ‘माझंच नाव छापणार ना?’ ते यादीत छापले आहे.