आजी ‘येऊ नका’ म्हणणार नाही

आईबाबांनो, कोरोनाच्या या २०२० सालात गेले पंधरा दिवस वसईत एकच विषय चाललाय. पापडी असो, निर्मळ असो की नंदाखाल, चर्चमधली मिस्सा सुटली की मास्क हनुवटीवर ओढून माणसं एकमेकांना विचारतात, “यंदा काय, जाणार ना सगळे?” जायचं म्हणजे जुन्या घरी, आजीआजोबांकडे, नाताळच्या जेवणाला. वीस-पंचवीस पानं, पोरांचा धुडगूस, मग उशिरापर्यंत गाणी. शुक्रवारी नाताळ आहे आणि बऱ्याच घरांत अजून काहीच ठरलेलं नाही.

ठरवायचं तुम्हालाच आहे, म्हणून तुमच्याशी बोलतेय. मुलं म्हणणार, आजीकडे जायचंच. आणि आजी ‘येऊ नका’ म्हणणार नाही. जन्मात कधी म्हटलेलं नाही तिने. “मला काय होतंय, या रे तुम्ही सगळे,” हे तिचं ठरलेलं उत्तर. वर “आता किती नाताळ राहिलेत माझे” हेही जोडून देईल, मग बोलणंच खुंटलं. तिला विचारून ठरवलं असं आपण म्हणतो, पण खरं तर तिच्यावर ढकललेलं असतं. उद्या काही विपरीत झालंच, तर “आईनेच बोलावलं होतं” म्हणायला आपण मोकळे. मला हे पटत नाही. मधल्या पिढीने हा वाईटपणा स्वतःकडे घ्यावा.

माझं मत आधीच सांगून टाकते. या नाताळला तीन पिढ्यांनी एका छताखाली, एका टेबलाभोवती जेवायला बसू नये. भेटावं, पण कसं ते पुढे सांगते.

“आता कुठे राहिलाय कोरोना?” असं विचारणारे तुमच्याही घरी असतील. त्यांचं अगदीच चुकीचं नाही. सप्टेंबरात देशात दिवसाला ९७ हजारांवर रुग्ण सापडत होते, आता २५ हजारांच्या आसपास आहेत. ईस्टरला बंद असलेली चर्चची दारं दिवाळीच्या पाडव्याला, १६ नोव्हेंबरला उघडली. पण त्याच दिवाळीनंतर आठवडाभरात अहमदाबादेत ५७ तासांची सलग संचारबंदी लावावी लागली. इंग्लंडमध्ये तर २३ ते २७ डिसेंबर तीन कुटुंबांनी एकत्र यावं अशी सवलत आधी जाहीर झाली होती. लोकांनी तिकिटं काढली, खरेदी केली, आणि १९ तारखेला पंतप्रधान जॉन्सन यांनी लंडन आणि आग्नेय भागापुरती ती रद्दच केली. विषाणूचा नवा, जास्त वेगाने पसरणारा प्रकार सापडला होता. तिथून येणारी विमानं आपण बंद केली, आणि २२ तारखेपासून आपल्याकडे महापालिका हद्दीत रात्री ११ ते सकाळी ६ संचारबंदी लागली. वसई-विरार त्यात आलंच. मध्यरात्रीची मिस्सा यंदा मध्यरात्री नाही.

जर्मनीच्या चॅन्सेलर मर्केल बाई एरवी किती मोजून-मापून बोलतात! ९ डिसेंबरला त्यांच्या संसदेत मात्र हात जोडल्यासारख्या बोलल्या. त्या दिवशीचा आकडा ५९० मृत्यूंचा होता. आता गाठीभेटी आवरल्या नाहीत आणि हा आजीआजोबांबरोबरचा शेवटचा नाताळ ठरला, तर आपण कमी पडलो असं होईल, अशा अर्थाचं त्या म्हणाल्या. भाषण बघताना वाटलं, या बाईंना आपल्या ओट्यावरची आजी माहीत आहे.

धोका नेमका कुठे आहे, ते नीट बघा. नाताळच्या आधीचे कुलकुल आठवा. मैद्यात नारळाचं दूध घालून भिजवलेलं पीठ, त्याच्या लहान लहान गोळ्या, खास याच कामासाठी ठेवलेली कोरी फणी. आजी एक गोळी फणीच्या दातांवर दाबते, अंगठ्याने गुंडाळत आणते आणि रेघारेघांचा शिंपला ताटात पडतो. नातवंडांचे वेडेवाकडे होतात, म्हणून ती त्यांचा अंगठा आपल्या हातात धरून शिकवते. डोक्याला डोकी लागलेली, दोन-तीन तास सहज जातात, तळणीमुळे खोली तापलेली, मांजर येतं म्हणून दार लोटलेलं. या बैठकीत पिठापासून भीती नाही, त्या कोंडलेल्या हवेपासून आहे. मुलांचं बहुतेकदा साध्या सर्दीवर निभावतं, कित्येकदा तेवढंही होत नाही. पण साठीच्या पुढे, त्यात मधुमेह किंवा रक्तदाब असला, की गोष्ट बदलते.

गाण्यांचंही तसंच. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात मार्चमध्ये एका गायकवृंदाची अडीच तासांची तालीम झाली. ६१ जण जमले होते. त्यातल्या एकाला लक्षणं होती. पुढे आणखी ५२ जण आजारी पडले आणि दोघे गेले. दार लावून कॅरल म्हणणारं आपलं घर यापेक्षा वेगळं नाही.

“आम्ही टेस्ट करून येतो,” असंही बरेच जण म्हणतात. टेस्ट म्हणजे फोटो, काढला त्या घटकेचा. लागण झाल्यावर लक्षणं दिसायला सरासरी पाच-सहा दिवस लागतात, कधी चौदाही. आणि लक्षणांच्या दोनेक दिवस आधीपासून माणूस ती लागण दुसऱ्याला देऊ शकतो. सोमवारी निगेटिव्ह आलेला जावई शुक्रवारच्या पंगतीत निगेटिव्हच असेल, याची हमी कोणती लॅब देईल? शिवाय लोकल अजून सरसकट सुरू नाही. म्हणून बोरिवलीहून दोन कुटुंबं मिळून एक गाडी करतात, काचा वर, एसी चालू. आजीच्या दारात पोचायच्या आधीच निम्मं काम झालेलं असतं!

मग भेटायचं कसं? आपलं नशीब असं, की आपल्याकडे अंगण आहे. युरोपात या दिवसांत बाहेर उभं राहवत नाही, वसईत डिसेंबरची दुपार चिकूच्या सावलीत बसण्याजोगी असते. चार वाजता जा. खुर्च्या घराघराप्रमाणे लांब मांडा, मास्क नाकावर ठेवा, नाताळचा गोठा बघा, गप्पा मारा, तासाभराने उठा. जेवायला बसू नका, डबे भरून आणा आणि तिचे भरून न्या. सगळी भावंडं एकाच दिवशी नकोत. एक घर शुक्रवारी, दुसरं रविवारी. नाताळ काही एका संध्याकाळचा नसतो. घरात खोकला, ताप किंवा वास न येणं असलं, तर मात्र अंगणातही पाऊल टाकू नका.

एका बाबतीत मी उलटं सांगेन. वाडीतल्या मोठ्या घरात एकटीच राहणारी आजी, किंवा सून-मुलगा परदेशात असलेले आजोबा, यांना ‘तुमच्याच भल्यासाठी’ म्हणून दिवसभर फोनवर बसवू नका. मार्चपासून ती माणसं भिंतींशी बोलतायत. त्यांच्यासाठी एकच घर ठरवा, गर्दीत कमीत कमी मिसळणारं. त्याच घराने त्यांचं बघावं, बाकीच्यांनी लांबून हात हलवावा.

मुलांना थापा मारू नका. गाडी बिघडली, आजीला बरं नाही, हे चालणार नाही. आजी फोनवर खणखणीत बोलते, मुलं दोन मिनिटांत पकडतात. या वर्षी ईस्टर, शाळा, वाढदिवस सगळं त्यांनी सोडलंय, हेही समजून घेतील. रडतील, रडू द्या. पण “तुझ्यामुळे आजी आजारी पडेल” हे वाक्य चुकूनही तोंडातून जाऊ देऊ नका. देव न करो, पण ती कधी खरंच आजारी पडली, तर ते लेकरू तेवढंच लक्षात ठेवील. “आम्ही ठरवलंय,” एवढं म्हणा.

आजीलाही तसंच सांगा. नातवाकडे फोन देऊन नको, भावंडांच्या ग्रुपवर मेसेज टाकून तर अजिबात नको. “आई, यंदा जेवायला येणार नाही, चार वाजता अंगणात येतोय,” हे तुमच्या तोंडून जाऊ दे. ती रागावेल, दोन दिवस नीट बोलणार नाही, शेजारी तक्रार करील. करू दे. पण फोन आजच करा. गुरुवारपर्यंत थांबलात, तर तिने पंचवीस माणसांचं मटण सांगून ठेवलेलं असेल.