एकाच जोडीत व्होल्टेज जास्त का?

प्रश्न : पवनचक्कीसाठी घरी अल्टरनेटर बनवला आहे. दोन चकत्यांवर प्रत्येकी १२ चुंबके, मध्ये ९ कॉइल, तीन फेज, स्टार जोडणी. एकाच वेगाने फिरवून तिन्ही जोड्या मोजल्या, तर १७, १० आणि १० व्होल्ट मिळतात. बॅटरी जोडली की धडधडतो. चुंबके कमजोर आहेत का?

उत्तर : चुंबकांना दोष देऊ नका. प्रत्येक चुंबक सगळ्याच कॉइलसमोरून जातो, त्यामुळे ते कमजोर असते तर तिन्ही आकडे सारखेच उतरले असते. तुमचे आकडे फार बोलके आहेत. १७ म्हणजे १० च्या १.७३ पट. एक अख्खा फेज उलटा जोडला की नेमके हेच प्रमाण येते. दोन्ही कमी आकड्यांत जी तार समाईक आहे, तिचा फेज उलटा. त्याची स्टारच्या सांध्यातली आणि बाहेरची टोके अदलाबदल करा. तिन्ही जोड्यांत १७ च्या आसपास दिसेल. धडधडही त्याच असमतोलाची असावी.

आकडे १७, १२, १२ असते, तर त्या फेजच्या तीनपैकी एकच कॉइल उलटी असण्याची शंका घेतली असती. ते दुरुस्त करणे रेझिन ओतल्यावर जवळजवळ अशक्य, म्हणून ही मोजणी ओतण्याआधीच करावी, असा माझा आग्रह असतो.

दुरुस्तीनंतर बॅटरी काढूनही चक्र जड फिरले, तर रेक्टिफायरच्या तिन्ही तारा सोडवा. लगेच हलके झाले तर डायोड शॉर्ट आहे. चकत्या उघडताना मात्र जॅकिंगचे स्क्रू वापराच; निओडिमियमच्या दोन चकत्यांत बोट सापडले तर चिरडते.